पस्तान्याची बॅग

आमच्या घरात एक छोटा वजनकाटा आहे. तो मी मागवला तेव्हा आईला वाटलं की आता डाळ-तांदूळ मोजून शिजवायचे दिवस आले. पण त्याच्यावर आजवर डाळीचा एक दाणा चढलेला नाही. चढतात ते मोजे, कानटोपी, टॉर्च, साबणाची वडी आणि औषधांच्या पुड्या. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पाठीवर बॅग घेऊन हिमालयात पायी फिरायला जाते आणि निघण्याआधी महिनाभर हे मोजमाप चालतं. आमच्या जवळा बाजार गावात कापूस आणि सोयाबीन काट्यावर घालणारे पुष्कळ आहेत. टूथब्रशचा दांडा अर्धा कापून उरलेल्या ब्रशचं वजन करणारी मी एकटीच असावी.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण विचारणारे आता थकले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं आहे. घरात मी आणि आई, दोघीच असतो आणि दोघींचं बऱ्यापैकी जमतं, कारण ती माझ्या बॅगेत बोलत नाही आणि मी तिच्या पंचांगात बोलत नाही. निदान तसं ठरलेलं आहे.

पहिल्या वेळी मी काय काय नेलं होतं ते आठवलं की आजही खांदा दुखतो. एका नातेवाइकाची जुनी कॅनव्हासची बॅग मिळाली होती. तिच्यात मी जीनच्या दोन पँटी, जाड टॉवेल, सुती चादर, छत्री, स्टीलचा तीन पुडांचा डबा आणि वर्गाला पुरेल एवढा चिवडा भरला. प्रत्येक वस्तू भरताना मनात म्हणत होते, लागलं तर असू दे. पाठीवरचं निम्मं ओझं या "असू दे"चंच असतं, हे मला चढावर कळलं. चिवडा मी खेचरवाल्यांना वाटला. छत्री चहाच्या टपरीवर देऊन टाकली. टॉवेल मात्र पहिल्याच दिवशी भिजला, दुप्पट जड झाला आणि फुकट देऊनही कोणी घेईना.

तेव्हापासून मी शहाणी झाले. आईच्या भाषेत, बिघडले. बॅग घेताना तिचा रंग बघायचा नसतो, कमरेचा पट्टा बघायचा असतो, कारण ओझं खांद्यांवर लटकवायचं नसून कमरेवर बसवायचं असतं. नांदेडच्या एका दुकानात मी बॅगेत त्यांच्याच दुकानातली वजनं भरून इतका वेळ फेऱ्या मारल्या की शेवटी मालकाने चहा मागवला, स्वतःसाठी. बूट अर्धा नंबर मोठे घ्यायचे, कारण उतारावर बोटं पुढे येतात. आणि ते नवेकोरे घालून डोंगरात जायचं नाही, आधी रस्त्यावर मुरवायचे. म्हणून मी सकाळी बॅगेत दहा किलो हरभरा भरून औंढ्याच्या रस्त्याने चालायला लागले. पहिल्या आठवड्यात दोन मोटारसायकली थांबल्या आणि कुठवर सोडू म्हणून विचारून गेल्या. तिसऱ्याने गाडी बंद केली, आवाज खाली आणला आणि घरी काही झालं का, असं विचारलं. आता रस्त्याला माझी सवय झाली आहे.

सगळ्यात मोठा घोटाळा कपड्यांचा झाला. डोंगरात सुती कपडा चालत नाही. घामाने भिजतो, लवकर वाळत नाही आणि अंगावर गार पडतो. कापसाच्या मुलखात जन्मले, वाढले, आणि पहिला धडा शिकले तो असा की अंगावर कापूस नको. हे आईला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस नीट बोलली नाही. आपल्या शेतातल्या कापसाचा असा अपमान तिने आजवर ऐकला नव्हता. शेवटी मी विज्ञानाच्या बाईंना शोभेल असं दोन फडकी ओली करून दोरीवर टाकली, एक सुती आणि एक माझ्या टी-शर्टचं. पण मे महिना होता. आमच्याकडच्या मे महिन्यात दोन्ही फडकी एकदमच वाळली आणि वाद तिथेच राहिला.

मे महिन्याची ही अडचण कायमचीच आहे. बर्फात घालायच्या वस्तू बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तपासाव्या लागतात. पिसांच्या जाकिटाची चेन नीट लागते का, हातमोजे घालून टॉर्चचं बटण दाबता येतं का, हे सगळं मी भर दुपारी पंख्याखाली बघत असते. एकदा अशीच जाकीट, कानटोपी, हातमोजे घालून उभी होते आणि दारात चाची आली. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आईला हळूच विचारलं, पोरीला थंडी वाजून ताप भरला का.

चाची आमची शेजारीण. आमच्या घराच्या उत्तरेला, मधलं एक घर सोडून, तिचं घर. बांगड्यांचा धंदा आहे तिचा. बाजाराच्या दिवशी पाल टाकून बसते, एरवी बायका घरीच बांगड्या भरायला येतात. आई लग्न होऊन या गल्लीत आली त्याच सुमाराला चाचीही नवी सून म्हणून आली होती. दोघींचे नवरे दोन-तीन वर्षांच्या अंतराने गेले. चाचीच्या हातात बांगड्या असतात. विकणारीच्याच हातात नसल्या तर घेणारीने काय बघून घ्याव्यात, असं ती म्हणते. आईच्या हातात मात्र वडील गेल्यापासून काचेची बांगडी चढली नाही. चाची दर सणाला विचारायची, भरू का, आणि आई दर सणाला विषय बदलायची. आई तिच्या घरी चहा प्यायची, जेवली कधी नव्हती. यावरही दोघी कधी बोलल्या नव्हत्या. इतक्या वर्षांच्या शेजारात असे दोन-तीन विषय बाजूला ठेवलेलेच असतात.

आता पस्तान्याचं सांगते. माझ्या जाण्याला आईची एकच अट असते आणि ती दिशेची. अमुक वारी अमुक दिशेला निघायचं नसतं. उत्तरेला मंगळवारी आणि बुधवारी निघायचं नाही. हिमालय उत्तरेला, आणि माझं रिझर्व्हेशन दर वेळी नेमकं बुधवारचं मिळतं. यावर जुन्या लोकांनी तोड काढून ठेवलेली आहे. चांगला वार बघून प्रवासाचं सामान आधीच घराबाहेर काढायचं आणि त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. याला पस्ताना ठेवणं म्हणतात. सामान निघालं म्हणजे माणूस निघालं, असं देवाच्या गळी उतरवायचं. मग माणूस कोणत्याही वारी जाऊ शकतो. पण पस्ताना एकदा ठेवला की माघारी घरात आणायचा नाही. तिथून सामान पुढेच जातं.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईने हे कसं चालवून घेतलं, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. वाद घालण्यापेक्षा बॅग उचलून नेणं हलकं पडतं. त्रास एवढाच की सगळी बांधाबांध दोन दिवस आधी पुरी करावी लागते. तळाला झोपायची पिशवी, मधे पाठीला चिकटून जड सामान, वर पटकन लागणारा रेनकोट, बाजूच्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या, हे सगळं सोमवारी सकाळी पक्कं व्हायला हवं. मग बुधवारपर्यंत माझा कंगवा, माझे मोजे, माझा अर्धा टूथब्रश चाचीकडे आणि मी घरात पाहुणी. मला वाटायचं, आईने माझ्या पायाला ही दोरी बांधून ठेवली आहे. जा, पण माझ्या हाताने जा.

चाचीची एक वेगळीच खोड होती. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे. वाटीत चिमूटभर साखर तरी घालतात. चाचीने ती रीत माझ्या बॅगेला लावली. दोन दिवस आपल्या घरी राहिलेली बॅग तशीच कशी परत द्यायची? बॅग गच्च भरलेली आहे, हे माझं म्हणणं. पण तिच्यात चाचीचं काही नाही, म्हणजे चाचीच्या हिशोबाने ती रिकामी. पहिल्या वर्षी तिने तळाशी कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी सरकवली. मला पत्ता नाही. तिसऱ्या मुक्कामाला झाकण सैल झालं, तेल माझ्या झोपायच्या पिशवीत मुरलं आणि बरोबरची सगळी मंडळी पोळ्या घेऊन माझ्या तंबूत जेवायला येऊ लागली. दुसऱ्या वर्षी वसमतच्या बाजारातली हळद निघाली, चांगली अर्धा किलो, थंडीत दुधातून घ्यायला. पुढच्या वर्षी भाजलेल्या शेंगा निघाल्या, फोलपटांसकट.

शेवटी मी तिच्याकडे गेले आणि नीट समजावलं. तिथे हवा विरळ असते, शंभर ग्रॅमही जड होतात, मी ब्रशचा दांडासुद्धा कापते, वगैरे. चाचीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या वर्षी बॅग परत देताना तिने स्वतःच सांगितलं की या बारी तुला तकलीफ होणार न्हाई, याला वजन न्हाई. मुक्कामावर बॅग उघडली तर मोज्यांच्या जोडात, कापसात गुंडाळलेल्या, डझनभर काचेच्या बांगड्या. मी त्या बर्फातून नेल्या, दगडांवरून नेल्या, एकदा बॅगेसकट घसरून पडले. एकही फुटली नाही. आणून आईच्या कपाटात ठेवल्या आणि चाचीला समजावणं सोडून दिलं.

गेल्या वर्षीची गोष्ट मात्र वेगळी होती. एक उंच खिंड मला कधीची ओलांडायची होती. एकदा ठरलं तेव्हा लॉकडाऊन लागला. दुसऱ्यांदा ठरलं तेव्हा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ज्या मंडळींबरोबर मी जाते ते त्या खिंडीसाठी पन्नाशीच्या वरच्या माणसांना घेत नाहीत, आणि माझी पन्नाशी त्या डिसेंबरात भरणार होती. म्हणजे हा उन्हाळा गेला की खिंड गेली. मी हे आईला एकदाच सांगितलं होतं. ती शेंगा निवडत होती आणि तिने मान वर केली नव्हती, म्हणून मला वाटलं की तिने ऐकलं नाही.

मी त्या बॅगेवर सगळ्यात जास्त वेळ घालवला. दोनदा भरून दोनदा उपसली. दुसरी पँट काढली, कारण एक अंगावर असतेच. जाकीट तेवढं जास्तीचं ठेवलं, कारण थंडीशी काटकसर करायची नसते. सोमवारी सकाळी पट्टे आवळून बॅग ओसरीवर उभी केली आणि उचलायला वाकले तर आई म्हणाली, आज मी नेते. मी म्हटलं, दहा किलो आहे. ती म्हणाली, तू याच्याहून जड होतीस. तिने डाव्या खांद्याला बॅग अडकवली, उजवा हात पदराखाली घेतला आणि वाकडी होत निघाली. देवाधर्माचं काम म्हणून हात झाकला असेल, असं मी धरलं. माझं लक्ष बॅगेचा तळ जमिनीला घासत नाही ना, याकडे होतं.

त्या दिवशी तिने भाकरी टाकल्या नाहीत, पोट बरं नाही म्हणाली आणि लवकर पडली. मंगळवारी सकाळी चहा देताना तिचा उजवा हात मला दिसला. मनगट वांग्यासारखं सुजलेलं, रंगही तसाच. मी तिला हिंगोलीला दवाखान्यात नेलं. फोटो काढला, हाड मोडलेलं निघालं, कोपरापर्यंत प्लास्टर बसलं आणि दीड महिना हात हलवायचा नाही असं सांगण्यात आलं. केव्हा पडलात, असं डॉक्टरांनी विचारलं. काल सकाळी न्हाणीत पाय सरकला, असं तिने सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगत होती.

परतीच्या रिक्षात मी तिला विचारलं.

"बॅग नेऊन ठेवायच्या आधी पडलीस का मग?"

"आधी."

"मग काहून बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तू बॅग उपसली असतीस," आई म्हणाली. "आता उपसता येत न्हाई."

मोडलेल्या हाताने ती दहा किलो घेऊन गल्लीतून गेली होती, माझी दोरी माझ्या पायातून काढून देवाच्या पायाला बांधायला. मला तिचा भयंकर राग आला. एका हाताने ही बाई नेसणार कशी, केस विंचरणार कशी, घास कसा मोडणार? घरी पोचल्यावर मी तिला बाजेवर बसवलं आणि तशीच चाचीकडे गेले. जायचं रद्द, हे मी रस्त्यातच ठरवलं होतं.

चाची दारातच बसली होती. माझी बॅग तिच्या मागे भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्यावर एक स्वच्छ चादर घातलेली होती. मी बॅग मागितली.

"पुढं नेऊन राहिलीस का माघारी?" तिने विचारलं.

"माघारी."

"मग न्हाई देत."

मी तिला हाताचं सांगितलं. तिला ते ठाऊक होतं. सोमवारी बॅग उतरवून घेतानाच तिने हात बघितला होता आणि आईने तिला बोलू नको म्हणून शपथ घातली होती. मी म्हटलं, चाची, ही रीत तुमची नाही, तुला पस्तान्याचं काय? त्यावर ती उठून उभी राहिली. दार काही मोठं नाही तिचं.

"रीत कोणाची बी असंना, सामान माझ्या घरात हाय," ती म्हणाली. "अमानत हाय ती. तुझ्या मायनं पुढं न्यायला ठेवली, पुढंच जाईल."

आमचं हे चालू असताना आई मागून आली. डाव्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत दोन लुगडी, गोळ्या, चष्मा आणि पंचांग. मी घरातून निघाल्यावर तिने ती एका हाताने, काट्याबिट्याशिवाय भरली होती, आणि मी आयुष्यात बघितलेलं ते सगळ्यात नेटकं सामान होतं. ती माझ्या बाजूने आत गेली आणि चाचीच्या बाजेवर बसली. चाचीला धंदा सोडून आमच्या घरी येता येत नव्हतं, म्हणून आईच तिच्याकडे आली होती. तू येईपर्यंत मी इथं राहते, एवढंच ती म्हणाली. जिने त्या घरात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं, ती तिथे दोन्ही वेळ जेवणार होती आणि तेही दुसऱ्याच्या हाताने. चाचीने विचारलं नाही की चालेल का. तिने फक्त चूल पेटवली.

खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. आणि ते त्या दोघींना माझ्या चेहऱ्यावर दिसत होतं, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बुधवारी मी चाचीच्या घरातून बॅग उचलली. आईने डाव्या हाताने माझ्या तोंडाला दही-साखरेचं बोट लावायचा प्रयत्न केला, ते नाकाला लागलं. कोणी हसलं नाही. मी परभणीला जाऊन गाडीत बसले आणि पट्टे सैल केले.

पहिल्या मुक्कामाला, तंबू लागल्यावर, मी चाचीची वस्तू शोधायला बॅग उघडली. दर वर्षी हे करतेच. तळ बघितला, मोजे उलगडले, बाजूचे कप्पे, रेनकोटच्या घड्या, औषधांची पिशवी, सगळं बाहेर काढून पुन्हा एकेक चाचपलं. काही नव्हतं. जेवढी मी भरली होती तेवढीच बॅग होती. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि ते मिळालं तेव्हा मी बॅग उलटी करून झटकली. मला वाटलं, चाची रागावली. मग वाटलं, आईला काहीतरी जास्त झालं आहे आणि त्या गडबडीत तिला भान राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी, जिथे शेवटची रेंज मिळते त्या वळणावर, मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि फोन लावला.

चाचीने उचलला. आई न्हाऊन बसली आहे, वरण-भात खाल्ला, हात दुखत नाही, असं तिने सांगितलं. मी विचारलं, चाची, या वेळी बॅगेत काही घातलं नाहीस?

"काहून घालू?" ती म्हणाली. "या बारी ठेवायला तू बॅग कुठं दिलीस, तू तर माय दिलीस. तिच्यासंगं देईन."

फोन कट झाला तो रेंजमुळे. मी तिथेच दगडावर बसून रडले, फार नाही, पण रडले. मग बॅग कमरेवर बसवली आणि चढायला लागले.

खिंडीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. बर्फ होता, वारा होता, वर फार वेळ थांबता आलं नाही. बूट चावले नाहीत. जास्तीचं जाकीट लागलं. पलीकडे उतरायच्या आधी मी खूण म्हणून एक दगड उचलला, हातात त्याचं वजन घेतलं आणि परत खाली ठेवला. पन्नाशीच्या आत मी ती ओलांडली, आणि मला अगदी मनापासून आनंद झाला.

परत आले ती सरळ चाचीच्या दारात गेले. आधी घरी जायचं माझ्या मनातही आलं नाही. दार उघडंच होतं. तिच्यासमोर दोन बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. मला बघताच तिने त्यांना थांबायला सांगितलं, आत गेली आणि आईला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. आईचे केस तेल लावून घट्ट बांधलेले होते. गालावर थोडं मांस आलं होतं. उजवा हात प्लास्टरमध्ये. आणि डावा हात मनगटापासून पार वर काचेच्या बांगड्यांनी भरलेला होता, वांगी रंगाच्या.

मी आईच्या हाताकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. बसलेल्या बायकाही बघत होत्या. आईने विषय बदलला नाही. पदरही पुढे घेतला नाही.

"घे तुझी अमानत," चाची म्हणाली. "रिकामी कशी पाठवू?"

आम्ही दोघी घरी आलो. मी अंगणात बॅग उपसायला बसले. झोपायची पिशवी उन्हात टाकली, बूट उलटे केले, मोजे दोरीवर घातले, तंबूतली माती झटकली. आई आत एका हाताने चहा ठेवत होती. मी येते म्हटलं तरी तिने ऐकलं नाही. तिने पातेलं घेतलं असावं, मग साखरेचा डबा खाली काढला असावा, कारण प्रत्येक वेळी बांगड्या वाजत होत्या. माझे हात बॅगेतच थांबले. वडील गेल्यापासून आमच्या स्वयंपाकघरातून तो आवाज आला नव्हता.